एम. कॉम. म्हंजे सीएच ना?

दर्यापुरात पोरगा डॉक्टर झाला तर कोणी काही विचारत नाही. इंजिनिअर झाला तर "पुण्याले हाये का?" एवढंच विचारतात. काहीच झाला नाही तर यंदा पंचायत समितीला उभा राहणार असेल म्हणून जरा आदरानंच बघतात. खुलासा मागतात तो फक्त एम. कॉम. करणाऱ्याला. बसस्टँडवर, चक्कीवर, तेरवीच्या पंगतीत, जिथं सापडेल तिथं.

"काय करून रायला बाप्पू आजकाल?"

"एम. कॉम. करून रायलो काकाजी."

"म्हंजे सीएच ना?"

"नाई, सीए येगळं."

"मंग बँकेत लागते का त्यानं?"

"बँकेची परीक्षा येगळी रायते."

"मास्तर होते?"

"त्याच्यासाठी सेट लागते."

काकाजी वरणात रोडगा कुस्करता कुस्करता थांबतात. "मंग हे कायच्यासाठी रायते?"

विद्यापीठाच्या माहितीपत्रकात याचं उत्तर असेलही, पण पंगतीत सांगता येईल असं ते नसतं.

आमच्याकडं दहावीनंतरच्या वाटा ठरलेल्या. सायन्स घेतलं की अमरावतीत खोली करायची, क्लास लावायचा, आणि बापानं त्या साली कापसाच्या भावाकडं डोळे लावून बसायचं. आर्ट्स घेतलं की पहाटे उठून अंजनगाव रोडनं धावत सुटायचं, कारण पोलीस भरती. कॉमर्स दुकानदारांच्या पोरांसाठी, दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी गल्ला. माझ्या बाबांचं दुकान नाही. वावर आहे, आणि वावरात गल्ला नसतो. तरी मी कॉमर्सला गेलो, कारण सायन्सला मार्क कमी पडले आणि धावायला दम.

बी. कॉम. झालं की सीए करावं असं प्रत्येकाला एकदा वाटतंच. १९४९ साली सनदी लेखापालांचा कायदा झाला तेव्हापासून या देशात कॉमर्सवाल्यांचे दोन गट पडले आहेत : सीए झालेले, आणि 'सीए करत होतो' असं सांगणारे. पहिल्यांचा पेपरात फोटो येतो. दुसऱ्यांना एम. कॉम.ला प्रवेश मिळतो.

आमची पदवी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची. विद्यापीठ १ मे १९८३ चं, गाडगेबाबांचं नाव त्याला नंतर मिळालं. बाबांचं जन्मगाव शेंडगाव, आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातलं. वाढले मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाकडं. शाळेची पायरी चढले नाहीत. मामाचं वावर सावकाराच्या वहीनं गिळलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं, आणि पुढं जन्मभर कीर्तनातून लोकांना बजावत राहिले की बापहो, कर्ज काढू नका. त्यांचं नाव छापलेल्या पदवीसाठी आम्ही वित्तीय व्यवस्थापन शिकतो. त्यात कर्ज काढून मालकाचा नफा कसा फुगवावा यावर अख्खं प्रकरण आहे, आणि त्यावरचा प्रश्न हमखास येतो. बाबा असते तर खराटा घेऊन परीक्षा केंद्रावर आले असते.

तसं पाहिलं तर हे शास्त्र जगापुढं आणलं तेही एका साधूनंच. दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरत होते. ती नीट मांडून छापली लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूनं, १४९४ साली, गणिताच्या एका जाडजूड ग्रंथात. बायको नाही, पोरं नाहीत, वावर नाही, सोसायटीचं कर्ज नाही. जमा आणि नावे या दोन्ही बाजू शेवटी सारख्या येतात, हे इतक्या शांतपणे असाच माणूस सांगू शकतो.

वर्गात आम्ही मोजकेच. पेरणीच्या दिवसांत त्याहून मोजके. एकदा सरांनी विचारलं, "ताळेबंदात दिसते पण कामात येत नाही, अशी मालमत्ता सांगा." त्यांना बुडीत कंपनीचे शेअर असं काहीतरी उत्तर हवं होतं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमची इहीर." वर्ग हसला. सरही हसले, कारण त्यांची विहीरही खारपाणपट्ट्यातलीच होती. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहीर खोदायला पैसे लागतात, खोदल्यावर पाणीही लागतं, सगळं रीतसर. फक्त ते तोंडात धरवत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन रुसते. तरी सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, आणि सोयरीक जुळवताना "वावरात इहीर हाये" असं पाहुण्यांना आवर्जून सांगतात. पाहुणेही याच पट्ट्यातले असले तर मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न विचारतात.

सूत्रधारी कंपनी आणि तिच्या उपकंपन्या हा सगळ्यात अवघड धडा समजतात. मला तो एका बैठकीत कळला, कारण मी एकत्र कुटुंबात वाढलो. मोठे बाबा म्हणजे सूत्रधारी कंपनी. चार भावांचा माल त्यांच्या नावानं विकायचा, आणि त्यांनी खर्च कुठं केला ते कोणी विचारायचं नाही. कंपन्यांचे आपसातले व्यवहार एकत्रित ताळेबंदातून वगळायचे, हा नियम मला पाठ करावा लागला नाही. काकूनं आईकडून नेलेली वाटीभर साखर हिशेबात धरत नाहीत, हे मला शाळेच्या आधीपासून माहीत होतं. (धरतात, पण ती भांडणाच्या दिवशी.)

पुस्तकाबाहेरचा पेपर मात्र मार्केट यार्डात असतो. एका साली मूग विकायला मी आबाजींसोबत, म्हणजे माझ्या आजोबांसोबत, गेलो होतो. साडेतीन क्विंटल माल, भाव ७,२०० लागला. मी खिशातून मोबाईल काढला, कुलूप उघडलं, कॅल्क्युलेटर शोधला. तेवढ्यात आबाजी ताडपत्रीवर बसल्या बसल्या पुटपुटले, "औट साती साडेचोवीस, वरच्या दोनशेचे सातशे. पंचवीस हजार दोनशे." पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे त्यांचं चौथीपर्यंतचं शिक्षण. अडत्याच्या मुनिमानं हिशोबपट्टी लिहिली : उचल दहा हजार, उचलीचं व्याज सहाशे, हमाली-तोलाई धरून एकशे चाळीस. हातात चौदा हजार चारशे साठ. आबाजींनी पट्टी घेतली, डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचली, आणि व्याजाच्या आकड्यावर बोट ठेवून मुनिमाला म्हणाले, "उचल पोळ्याच्या आधी नाई, नंतर नेली होती." मुनिमानं वही चाळली. व्याज कमी झालं. मुनीम माझ्याकडं बघून म्हणाला, "हे पोट्टं काय शिकते?" आबाजी म्हणाले, "हेच." मुनिमाला ती गंमत वाटली. मला नाही वाटली.

खरं शिक्षण मार्चमध्ये होतं. ज्यांना लेखाकर्म शिकायचं आहे त्यांनी प्रोफेसराचा नाद सोडून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वऱ्हाडातल्या कुठल्याही सहकारी बँकेच्या व्हरांड्यात उभं राहावं. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत केंद्राची सूट आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत जोडून व्याज शून्यावर येतं. शून्य टक्के हा शब्द ऐकायला फार गोड. पण भरायला मुद्दल लागतं, आणि मार्चमध्ये मुद्दल कुठून आणायचं? तूर विकून देणी भागलेली, कापूस भाव वाढेल म्हणून घरात पडलेला, हरभरा मळणीत. मग नवं-जुनं करायचं. कोणाकडून तरी आठ दिवसांसाठी रक्कम उचलायची, शेकडा काय द्यायचं ते हळू आवाजात ठरवायचं, जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर करून घ्यायचं, आणि ते हातात पडलं की बँकेच्या पायऱ्या उतरता उतरता ज्याचं त्याला परत. शून्य टक्क्याचं कर्ज शून्य टक्क्याचंच राहावं म्हणून हे आठ दिवसांचं व्याज. ते कोणत्याच सरकारी कागदावर नसतं. आमच्या गल्लीत एका साली एकाच पुडक्यानं तीन घरांचं नवं-जुनं झालं होतं. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत पुडक्याचं रबरही बदललं नव्हतं.

सत्र परीक्षेसाठी मी लेहमन ब्रदर्सचं प्रकरण वाचत होतो. २००८ मध्ये बुडालेली अमेरिकेतली ही बँक तिमाही संपत आली की आपले रोखे काही दिवसांपुरते दुसऱ्याच्या हवाली करायची, आलेल्या पैशातून देणी फेडल्यासारखी दाखवायची, आणि तिमाही सरली की पैसे देऊन रोखे परत आणायची. याला 'रेपो १०५' असं भारदस्त नाव होतं. शेवटी शेवटी ५० अब्ज डॉलरच्या आसपासची रक्कम अशी ताळेबंदाच्या बाहेर फिरत होती. तपास करणाऱ्यानं त्यावर २०१० साली दोन हजारांवर पानांचा अहवाल दिला. मी बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे नवं-जुनंच करे ना थो?"

"हो."

"मंग त्याले कोणी पकडलं?"

"बुडाल्यावर पकडलं."

"बुडाल्यावर कोणीबी पकडते," बाबा म्हणाले आणि ढेप भिजवायला गोठ्यात गेले.

बाबा कर्ज वेळेत भरणारे. त्याचं फळ त्यांना दोनदा मिळालं. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखांपर्यंतचं थकीत कर्ज माफ झालं, २०१९ च्या कर्जमुक्तीत दोन लाखांपर्यंतचं. वेळेत भरणाऱ्यांसाठी आधी २५ हजारांपर्यंत आणि मग ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं. शेजारच्या मामाजींनी कधी नवं-जुनं केलं नाही. बँकेची नोटीस आली की ते तिच्यावर विड्या वळायचे. यादी लागली तेव्हा मामाजींचं नाव वर. बाबांनी मला विचारलं, "तुह्या पुस्तकात याले काय म्हंतात?" पुस्तकात याला काही म्हणत नाहीत. मामाजी मात्र स्वतः होऊन आले आणि म्हणाले, "म्या तं तुले तवाच सांगतलं होतं."

बाकी उधारीचा हा इतिहास आमच्या गल्लीपुरता नाही. निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तो हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. तो हिशेब खरा की फुगवलेला यावर पुढं कित्येक वर्षं वाद चालला; निजामाचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागून मागून थकले. शेवटी १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं वर्षाला २५ लाख रुपये ठरवून कायमचा पट्टाच लिहून घेतला. ज्याला लोक सोन्याची कुऱ्हाड म्हणतात तो अख्खा प्रांत असा उधारीत गेलेला. पुढं २००९ मध्ये हैदराबादच्याच सत्यम कंपनीचे ५,०४० कोटी रुपये फक्त कागदावर आहेत असं निघालं, तेव्हा देशाला धक्का बसला. वऱ्हाडाला हैदराबादच्या हिशेबाची सवय आहे.

आणि घसाऱ्याचं म्हणाल तर तो शिकायला बनोसा स्टेशनवर जावं. मूर्तिजापूर-अचलपूरची आमची शकुंतला इथून जायची. अडीच फुटी रूळ, मालकी इंग्रजी काळातल्या किलिक निक्सनच्या कंपनीची, गाडी चालवणार भारतीय रेल्वे, आणि मालकाला रॉयल्टी देणार तीच. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, हिची नोंद राहून गेली. पुस्तकात यंत्राचं आयुष्य दहा वर्षं धरून गणित देतात. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत डबे ओढत होतं. घटत्या शिल्लक पद्धतीनं घसारा काढला की किंमत कमी कमी होत जाते पण शून्य कधी होत नाही, हे विधान सिद्ध करणारं माझ्या माहितीतलं हे एकमेव यंत्र. आता गाडी बंद आहे. स्टेशनबाहेरच्या टपरीवर आलुबोंडा खाता खाता ती मालमत्ता नेमकी कोणाची, यावर अजूनही तावातावानं चर्चा होते. निकाल लागत नाही, बोंडे संपतात.

एम. कॉम.चा समाजाला उपयोग काय, हे मात्र लग्नसराईत कळतं. मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलावर वही, वहीमागं मी. "त्याले बसवा आहेर लिवाले, एम. कॉम. हाये थो." सीए झालेल्याला कोणी असं बसवत नाही, त्याला पहिल्या पंगतीत बसवतात. आहेराच्या वहीइतकी कडक खतावणी मी कुठल्या कंपनीत पाहिली नाही. नाव, गाव, रोख, टॉवेल-टोपी की लुगडं, आणि शेवटच्या रकान्यात कोणाकडून : मुलाच्या मामाकडून की काकाकडून. यातली एक नोंद चुकली तर दहा वर्षांनी त्या घरच्या लग्नात उलटी नोंद होते. संध्याकाळी वही आत्याच्या ताब्यात जाते. आत्याला अक्षरओळख जेमतेम, पण हातात मागच्या लग्नाची वही असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ती बोट फिरवत जाते आणि मधेच थांबते. "हे एकशे एकवाले कोण? आपण यायच्या इथं दोनशे एक देल्ले होते." मग पुढचा अर्धा तास त्या शंभर रुपयांचा शोध. अंकेक्षकानं संशय घेऊन काम करावं की नाही यावर न्यायालयांचे निकाल आम्हाला पाठ करावे लागतात. आत्याला ते निकाल माहीत नाहीत, त्यामुळं तिचं काम अडत नाही. गणपती मंडळ, भागवत सप्ताह, भंडारा, सगळीकडं हिशेब मीच लिहितो. मानधन म्हणून नारळ मिळतो, आणि तो हिशेबात दाखवायचा की नाही यावर कार्यकारिणीची बैठक होते.

पैसे मिळतात ते दुसऱ्यांना. माझ्याबरोबर बारावीला असलेल्या एका मुलीनं पुढं कॉलेजचं नाव काढलं नाही, तीन महिन्यांचा टॅलीचा क्लास केला, आणि बी-बियाण्याच्या मोठ्या दुकानात लागली. जीएसटी २०१७ च्या जुलैत आला तेव्हा तिचा पगार वाढला आणि माझ्या अभ्यासक्रमात एक घटक वाढला. टॅली बनवणारे भरत गोयंका गणिताचे पदवीधर. वडिलांच्या धंद्याचा हिशेब ठेवायला बाजारात धड सॉफ्टवेअर मिळेना म्हणून वडिलांनी पोरालाच कामाला लावलं. वडिलांचा धंदा होता गिरण्या-कारखान्यांना माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवायचा. कापूस आमचा, गिरण्या त्यांच्या, आणि हिशेब बंगळुरूत.

माझे एक सीनियर सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवतात. उत्पन्न हातात पडो न पडो, ते ज्या काळात कमावलं त्याच काळात दाखवायचं, हे उपार्जित उत्पन्नाचं तत्त्व त्यांच्याइतकं जीव तोडून कोणीच शिकवत नाही. फळ्यावर 'येणे मानधन' असं उदाहरण लिहितात, आणि पोरं वहीत उतरवेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहतात. त्यांच्यासाठी मुलगी बघणं चालू आहे. "पोरगं प्रोफेसर हाये" असं सांगितलं की पहिला चहा येतो. "परमनंट?" असं विचारलं की दुसरा येत नाही.

आमच्या घरी माझ्या शिक्षणाचे हिशेब बाबांच्या डायरीत असतात. डायरी कृषी केंद्रातून फुकट मिळालेली, दर पानाच्या खाली कीटकनाशकाची जाहिरात. एकदा बाबा झोपले असताना मी ती चाळली. मजुरी, डवरणी, फवारा, ढेप, सगळ्यांची वेगळी पानं. माझी एम. कॉम.ची फी 'बियाणं' या पानावर होती, सोयाबीनच्या बॅगा आणि तुरीच्या मधोमध. सकाळी मी त्यांना समजावलं, "बाबा, शिक्षणाचा खर्च भांडवली रायते. थो इहीर, बैलजोडी यायच्या पानावर पाह्यजे. बियाण्यात कायले लिवला?"

"उगवलं तं नेऊ तिकडं," बाबा म्हणाले.

निकाल लागला, द्वितीय श्रेणी आली. महिनाभरानं मी सेटचा फॉर्म भरला आणि फीसाठी बाबांसमोर उभा राहिलो. त्यांनी पैसे मोजून दिले, डायरी काढली, बियाण्याचं पान उघडलं, थोडं थांबले, आणि पान उलटून नवा मथळा घातला : 'दुबार पेरणी'.